न पुसलेला आरसा

सुजू, कपाटाचा आरसा अजून पुसलेला नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी बदलापूरची मावशी आली, पदर खोचला आणि घर आवरायला लागली. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं येणार, घर बरं दिसायला हवं, असं तिचं म्हणणं. फरशी झाली, खिडक्या झाल्या, भिंतीवरचे फोटो उतरवून पुसून झाले. ओलं फडकं घेऊन ती लोखंडी कपाटाकडे वळली तेव्हा मी मध्ये उभी राहिले.

"अगं, आरसा बघ कसला झालाय. बोटंच बोटं."

"राहू दे, मावशी."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

मी असं बोलत नाही हे मावशीला माहीत आहे. ती फडकं घेऊन मोरीत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी वर्तमानपत्राचा मोठा कागद घेतला आणि आरशाच्या चौकटीला चिकटवून टाकला, काचेला धक्का न लावता. आलेल्या माणसांना वाटलं, दुःखाच्या घरी आरसा झाकायची आमच्याकडे रीत असावी. एकदोघींनी विचारलंही. आपल्यात तशी काही रीत नाही. मला फक्त तुझी बोटं हवी होती.

तुझ्यासोबत राहून एवढं मला येतं. काच उजेडात तिरपी पाहायची. दिसलं नाही तर तोंड जवळ नेऊन हळूच वाफ सोडायची, की रेषा उमटतात आणि विरतात. कागद लावण्याआधी मी तसं करून पाहिलं होतं. तू केस विंचरायला उभी राहायचीस त्याच उंचीवर बोटं होती. त्यांतला एक अंगठा इतका स्वच्छ होता, की तो तुझाच आहे असं मी ठरवून टाकलं. तुझं एवढंच मला हवं होतं. एक अंगठा. प्रयोगशाळेचा नाही, कोर्टाचा नाही, माझ्या एकटीचा.

कारण बाकी तू सगळी दुसऱ्यांना वाटून टाकली होतीस. स्मशानात तुझ्या ठशांच्या प्रयोगशाळेतली माणसं आली होती. तुझे साहेब खांबाला टेकून रडत होते. मी रडत नव्हते. मला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे. कुणीतरी सांगत होतं, की तू साहेबांची नक्कल करायचीस, जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हसवून बेजार करायचीस. मी ऐकत राहिले. ही कोण बाई? आपल्या घरी संध्याकाळी जी यायची ती चप्पल काढायची, चहा प्यायची आणि "ताई, आज बोलवत नाही गं," म्हणून भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. त्यांना हसणारी मिळाली आणि मला दमलेली. तिथे उभ्या उभ्या मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. सगळ्यांत जास्त त्या हर्षाचा, उल्हासनगर कॅम्प एकमधल्या तुझ्या हाताखालच्या मुलीचा. ती कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून "मॅडम, मॅडम" करत होती, आणि बायका मला सोडून तिला पाणी देत होत्या.

तसा आपल्यातला हेवा जुना, आणि सुरुवात तू केलीस. बुवापाड्याच्या घरात आईने एकदा आपल्या बोटांवरची शंखचक्रं पाहिली होती. माझ्या अंगठ्यांवर चक्रं निघाली, तुझ्या सगळ्या बोटांवर शंख. चक्रवाली राणी होते, असं आई सहज बोलून गेली आणि तू जेवली नाहीस. माझा अंगठा धरून बसलीस. तो तुझ्या अंगठ्यावर घासून, चक्र तिकडे जातं का, तेही पाहिलंस. पुढे आई गेली आणि राणीच्या वाट्याला चूल आली, शंखवालीच्या वाट्याला कॉलेज. ही तक्रार नाही. मीही नंतर शिकले, ग्रंथपाल झाले, पुस्तकांच्या रांगांमध्ये सुखात आहे. पण तू शिकत असताना घरातला दिवा तुझ्या बाजूला सरकवलेला असायचा, आणि मी अर्ध्या उजेडात तांदूळ निवडायचे. तो दिवा मला अजून दिसतो.

तू ठशांच्या कामाला लागलीस आणि सरावासाठी घरी शाई आणलीस. बाबांनी आयुष्यभर अंबरनाथच्या रसायनांच्या कारखान्यात पिंपं धुतली होती. त्यांच्या बोटांवरच्या रेषा विरून गेल्या होत्या. कागदावर नुसता काळा डाग उमटायचा. तुला त्या डागाचीच गोडी लागली. रोज संध्याकाळी तू त्यांना खुर्चीत बसवायचीस, एकेक बोट हातात घ्यायचीस, कोमट पाण्यात बुडवून, पुसून, तेल चोळून पुन्हा कागदावर फिरवायचीस. कुणाला अंगाला हात लावू न देणारे आपले बाबा हात पुढे करून मुकाट बसायचे.

"सुजाबाई, मी चोरी केली तर सापडायचा नाही बघ," ते म्हणायचे.

"म्हणून तर तुम्हालाच पकडलंय," तू म्हणायचीस.

मी आत भाकऱ्या थापता थापता हे ऐकायचे. बाबांनी माझा हात शेवटचा कधी धरला होता, ते आठवत राहायचे.

त्या डागातून तुझा प्रबंध निघाला. रसायनात आणि रंगात हात घालून ज्यांच्या रेषा गेल्या, त्यांचे ठसे कसे घ्यायचे आणि कसे ओळखायचे. रविवारी तू उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांत जायचीस आणि निळ्या बोटांच्या कामगारांचे ठसे घेऊन यायचीस. शेजाऱ्यांचे घेतलेस, पालेगावच्या दूधवाल्याचे घेतलेस, मावशीचे घेतलेस. मावशीच्या घरात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी आम्ही गाद्या वाळत घालत होतो, आणि तू चिखलातून काचेच्या बशा कडेने उचलून पिशवीत भरत होतीस. पाण्यात राहिलेल्या काचेवर ठसा किती तग धरतो, ते तुला पाहायचं होतं. "माझा संसार वाहून चाललाय आणि ही बया चोर शोधतेय," मावशी म्हणाली. पुढे वर्षभर तिने हीच गोष्ट कौतुकाने साऱ्या नातेवाइकांत सांगितली.

माझे तेवढे ठसे तू कधी घेतले नाहीस. मी वाट पाहिली. मग एकदा हात पुसत बाहेर आले आणि विचारलं, माझे नकोत का. तू बाबांच्या करंगळीवरून मान वर केली नाहीस.

"तुझे कशाला, ताई? तुझे आहेत माझ्याकडे."

तुझ्याकडे माझं काहीच नव्हतं. मी परत आत गेले. प्रबंध लिहून झाल्यावर त्याचं शुद्धलेखन मीच तपासलं. आभारात पहिला मान बाबांच्या दहा बोटांना होता, मग साहेबांना, मग कामगारांना. मी ते पान जरा जास्तच बारकाईने तपासलं. माझं नाव त्यात नव्हतं. एक वेलांटी दुरुस्त करून मी पान उलटलं.

त्या कामाने तुझे हातही बदलले. तू कशालाच नीट हात लावेनाशी झालीस. पेला काठाला दोन बोटांत धरायचीस, दार कोपराने ढकलायचीस, कपाटाची मूठ बोटं मुडपून मागच्या हाडांनी फिरवायचीस. ताटाची कड, पुस्तकाची कड, सगळं कडेने. मला वाटायचं, ही आपल्या घरात पाहुण्यासारखी राहते. एकदा मी म्हणालेच, "आमच्या भांड्यांचा विटाळ होतो का तुला?" आपल्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. लागावा म्हणूनच मी तो काढला होता. तू हसली नाहीस, चिडलीही नाहीस. "सवय गं," म्हणालीस.

आणि डबा. आपली खरी भांडणं त्या डब्यावरूनच झाली. झाकण दाबून बसवायचा तो स्टीलचा डबा मी सकाळी भरायचे आणि तू तोही पिशवीच्या बंदांना धरून न्यायचीस. संध्याकाळी परत यायचा तेव्हा झाकणाच्या खोबणीत काळी भुकटी बसलेली असायची. चिंचेने घासली तरी निघता निघायची नाही.

"हा डबा कुठे ठेवतेस गं, कोळशात?"

"टेबलावर असतो."

"जरा घासून आणत जा. बाकीच्या बायका आणतात की नाही?"

"आणीन." आणि कधी आणला नाहीस. वर रोज सांगायचीस, "ताई, भाजी जरा जास्त दे." मी जास्त द्यायचे, डबा रिकामा यायचा आणि तू काडीसारखी बारीक. एवढं अन्न जातं कुठे, हे मला कधी कळलं नाही.

कल्याणच्या कोर्टात तुझी साक्ष होती, तेव्हा मी एकदाच आले होते. कॅम्प एकमधलं कापडाचं दुकान फुटलं होतं, नोकरावर संशय होता, आणि काचेवर अर्धाच ठसा मिळाला होता. वकील पुन्हा पुन्हा विचारत होते, हा ठसा याचाच ना. तू म्हणालीस, एवढ्यावरून सांगता येणार नाही. दुकानदार पाठीमागून सिंधीत काहीतरी पुटपुटला. तू तेच वाक्य तशाच आवाजात परत म्हणालीस. मला माहीत नाही, असं साऱ्या लोकांसमोर ताठ मानेने म्हणता येतं आणि ते लिहून घेतलं जातं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला माहीत नाही म्हटलं की मला आजवर सगळे गप्पच करत आले होते.

त्या दिवशी घरी येताना आपण वाद घातला. मी म्हणाले, तुम्हा लोकांना हात कुणाचा ते कळतं, पण तो हात काय करत होता हे कुठे कळतं? चोराने काच धरली आणि पुसणाऱ्याने काच धरली, तुम्हाला दोन्ही सारखंच.  तू म्हणालीस, "ते तू सांग. तू वाचतेस ना एवढ्या कादंबऱ्या." मी चिडले. तो वाद तिथेच राहिला. मधूनमधून मी तो उकरून काढायचे आणि तू दरवेळी हसून उठून जायचीस. बाबा गेले, घरात आपण दोघीच उरलो, तरी तो मिटला नाही.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी दुपारी तू माझं मनगट धरलंस. कडेने नाही, पाची बोटांनी, चांगलं आवळून. इतकं की तुझी बोटं माझ्या हातावर लाल उठली. तू गेल्यावर मी मनगट उजेडाकडे धरून बसले होते. नर्सला वाटलं मला काही लागलंय. संध्याकाळपर्यंत बोटं फिकी झाली आणि मग राहिलीच नाहीत. माणसाच्या कातडीवर ठसा टिकत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. म्हणून मला आरसा हवा होता.

पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली, मावशी बदलापूरला गेली. त्यानंतरच्या रविवारी हर्षा तुझं टेबलावरचं सामान घेऊन आली. तुझा स्वेटर, कप, भिंग. तिला बसवलं, चहा दिला. तिने पेला काठाला दोन बोटांत धरला. तुझ्यासारखाच. मला ते बघवेना. माझ्या घरात, माझ्या बहिणीच्या खुर्चीवर बसून ही माझ्या बहिणीसारखा पेला धरते. पण तिच्या खांद्याला तुमची ती कामाची पेटी होती, आणि मला तिच्याकडूनच मागावं लागणार होतं. मला मागणं जड जातं. ज्यांचा हेवा वाटतो त्यांच्याकडून तर फारच.

मी आरशावरचा कागद काढला आणि म्हणाले, यातला एक मला उचलून दे. कायमचा राहील असा.

तिने काही विचारलं नाही. ब्रश काढला, काळी भुकटी काढली. ब्रश काचेवरून फिरला तसतशी बोटं वर येऊ लागली, एकेक, अगदी गर्दी. ती भिंग लावून पाहत राहिली. मग भिंग खाली केलं, पुन्हा लावलं.

"दीदी, बुरा मत मानना," ती म्हणाली. "यात मॅडम कुठेच नाहीत."

"नीट बघ."

"बघितलं ना. मॅडमचे सगळे शंख होते. हे चक्र आहे. आणि ह्याच्यावरून हा तिरका कट गेलाय." तिने माझ्याकडे पाहिलं. "विळीचा ना?"

मी अंगठा मुठीत घेतला. "तुला काय माहीत?"

"तुमचा अंगठा आख्ख्या लॅबला माहीत आहे, दीदी. आम्ही सगळे त्याच्यावरच शिकलो."

मी खाली बसले. मग तिने जे सांगितलं ते तुला माहीतच आहे, सुजू. तू मला सांगितलं नव्हतंस, एवढंच. प्रयोगशाळेत कुणी नवीन लागलं की तू जेवणाच्या सुट्टीत डबा टेबलावर ठेवायचीस, पिशवी अलगद उतरवायचीस, झाकणाला बोट न लावता. त्यावरचा माझा ठसा नीट उठला तर भाजी मिळणार, बिघडला तर नुसती भाकरी. हर्षाला म्हणे पहिला आठवडाभर भाजी मिळालीच नाही. घरी जाऊन रडली, तिची आई म्हणाली ही कसली सरकारी नोकरी. तू झाकण पुसायचीस, उघडायचीस, वाटायचीस, आणि मी उगाच विचार करत बसायचे की अन्न जातं कुठे.

"पण मॅडम फार खडूस," हर्षा म्हणाली. ती आता हसत होती आणि डोळेही पुसत होती. "ठसा कुणाचा ते सांगून काही मिळायचं नाही. म्हणायच्या, हात काय करत होता ते सांगा. मग आम्ही सांगायचं. डावा हात खाली धरलेला. उजव्या अंगठ्याने दाबून बंद केलंय. घाई नाही. हाताला तेल आहे, म्हणजे फोडणी आत्ताच झालीय. एकदा कडेला दाबलं, मग फिरवून परत सगळीकडे दाबलं, सांडू नये म्हणून. एवढं सांगितलं की मॅडम म्हणायच्या, बरोबर, घ्या भाजी. मी त्यांना विचारलं होतं, हे कुणाकडून शिकलात. म्हणाल्या, जिचा अंगठा आहे तिच्याकडूनच. घरी भांडते माझ्याशी यावरून."

 म्हणजे वाद तू केव्हाच हरली होतीस आणि मला कळवलं नव्हतंस. माझं वाक्य तिकडे नेऊन रोज वापरत होतीस, आणि मी इकडे तेच वाक्य धार लावून ठेवत होते. तुझे आहेत माझ्याकडे, असं तू म्हणाली होतीस. मला वाटलं होतं, टाळतेस.

हर्षाने मग सारं घर पाहिलं. विजेची बटणं, दाराची कडी, कपाटाची मूठ, तुझा कपसुद्धा. कुठेही तू नव्हतीस. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची बोटं शोधली, तिने स्वतःच्या घरात एकही बोट ठेवलं नाही. जिकडेतिकडे मी. कपाटाचं दार घट्ट बसतं म्हणून मी आरशावर हात दाबून ते लावते, तेच सगळे ठसे. म्हणजे रोज सकाळी तू माझ्या बोटांमधून वाट काढत स्वतःचा चेहरा बघायचीस. एका फडक्याचं काम होतं. तू ते कधी केलं नाहीस.

हर्षाने मला भिंगातून माझा अंगठा दाखवला. एवढ्या वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला. आईने मोजलेलं चक्र, मध्ये विळीची तिरकी वाट. इतक्या माणसांनी तो माझ्याआधी पाहिलेला होता. मला त्यांचा हेवा वाटला. हे तुला हसू येण्यासारखं आहे, पण वाटला. माझ्याच अंगठ्याचा.

निघताना ती उंबऱ्यात घुटमळली. चपला घालून झाल्या तरी जाईना. शेवटी म्हणाली, नवीन दोघी लागल्यात, मॅडमचा तो डबा लॅबला मिळेल का. मी नाही म्हणाले. एकदम, विचार न करता. डबा मी तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेहमीसारखा लख्ख घासून फडताळात ठेवला होता. त्यात आता काही नव्हतं, खोबणीतली भुकटीसुद्धा. तरी नाही म्हणाले. तुझं सारं त्यांना मिळालं, निदान रिकामा डबा तरी माझ्याकडे राहू दे. ती बरं म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. माझ्या काळ्या बोटांच्या गर्दीतून मला माझा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. तुला तुझा असाच दिसत असणार.

परवा मी हर्षाला फोन केला. कामावर जाण्याआधी अंबरनाथला येऊन जा म्हणाले, घर स्टेशनापासून लांब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मटकीची उसळ केली, जरा जास्तच. भाकऱ्या केल्या. डबा भरला, डाव्या हाताने खाली धरला, उजव्या अंगठ्याने झाकण दाबलं, फिरवून फिरवून. हात मुद्दाम धुतला नाही, मुद्दाम माखलाही नाही. जसा होता तसा. पिशवीत ठेवला. हर्षाने ती बंदांना धरून घेतली.

ती जिना उतरायला लागली. पहिल्या वळणावर मी तिला हाक मारली.

"संध्याकाळी परत आणून दे," मी म्हणाले. "आणि घासून आणू नकोस."